कंपनीला कायदा कुठला, हे एकदा लिहून टाका: कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाला खुले पत्र

प्रति,
मा. सचिव आणि अधिकारीवर्ग,
केंद्रीय कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालय, नवी दिल्ली

विषय: कंपनीच्या अंतर्गत कारभाराला कोणत्या देशाचा कायदा लागू होतो, याविषयी कंपनी कायद्यात स्पष्ट कलम घालण्याबाबत

महोदय, स.न.वि.वि.

मी पुण्यात कंपनी सेक्रेटरी म्हणून व्यवसाय करते. बाणेर, खराडी, हिंजवडीकडचे बरेच संस्थापक माझ्याकडे फायलिंगसाठी येतात. ऑफिस इथलं, माणसं इथली, गिऱ्हाईकंही बहुतेक इथलीच. पण मूळ कंपनी अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात किंवा सिंगापुरात नोंदलेली, आणि पुण्यातली प्रायव्हेट लिमिटेड ही तिची शंभर टक्के मालकीची उपकंपनी. गुंतवणूकदारांनी अट घातली म्हणून केलेल्या या उलटापालटीला आमच्या धंद्यात ‘फ्लिप’ म्हणतात. सगळं सुरळीत चाललं आहे तोवर कोणाला काही विचारायचं नसतं. दोन संस्थापकांचं बिनसलं, किंवा नोकरी सोडलेल्या एखाद्या मुलीला तिच्या ईसॉपचे, म्हणजे पगारासोबत मिळालेल्या शेअर-पर्यायांचे, पैसे मिळेनात, की फोन येतो: ‘मॅडम, यात कायदा कुठला चालतो?’

या प्रश्नाचं उत्तर आपल्या एकाही कायद्यात कलम म्हणून लिहिलेलं नाही. ते लिहावं, हे सांगायला हे पत्र.

जगात याची दोन मुख्य उत्तरं आहेत. इंग्लंड, अमेरिका आणि त्यांच्या वळणावर गेलेले देश म्हणतात, कंपनी जिथे नोंदली गेली तिथला कायदा तिचा. जर्मनीसारख्या देशांची जुनी परंपरा वेगळी: संचालक प्रत्यक्ष जिथे बसून कारभार हाकतात, तिथला कायदा तिचा. माझ्या अशिलांना हे समजावताना मी सातबारा पुढे करते. एक पक्ष म्हणतो, उताऱ्यावर नाव कोणाचं ते बघा. दुसरा म्हणतो, जमीन कसतो कोण ते बघा. कुळकायद्याच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत त्यांना दोन्ही बाजूंचं वजन वेगळं सांगावं लागत नाही.

आपला देश पहिल्या मताचा. मात्र ते आपण विचार करून निवडलेलं नाही, वारशाने आलेलं आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली, ती चालवणारी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी ब्रिटिश संसदेच्या १८४९ च्या कायद्याने जन्मली होती आणि तिचं संचालक मंडळ लंडनमध्ये बसत होतं. रूळ इथे, घाट इथे, घाटात राबणारे मजूर इथले. संचालक कोण नेमणार, लाभांश किती वाटायचा, भागधारकांची सभा कधी, हे सगळं इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे. यात काही खटकतं का, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण?

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला सर्वात नेटकं उत्तर मिळालं ते २००५ मध्ये, टेक्निप विरुद्ध एसएमएस होल्डिंग या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात. तो खटला जरा सविस्तर सांगते, कारण माझी मागणी त्यातूनच निघते. सीमेक ही मुंबईची कंपनी, समुद्रातल्या तेलक्षेत्रांसाठी जहाजं आणि डायव्हिंगची सेवा पुरवणारी. तिचे बहुसंख्य शेअर कॉफ्लेक्सिप या फ्रेंच कंपनीच्या हाती होते. टेक्निप या दुसऱ्या फ्रेंच कंपनीने एप्रिल २००० मध्ये कॉफ्लेक्सिपचे जवळपास ३० टक्के शेअर घेतले आणि २००१ च्या जुलैत ती पुरती ताब्यात घेतली. वर फ्रान्समध्ये धनी बदलला तसा खाली मुंबईत सीमेकचाही बदलला. शेअर बाजाराची नियामक सेबी, तिच्या १९९७ च्या टेकओव्हर नियमांप्रमाणे सीमेकच्या छोट्या भागधारकांना ओपन ऑफर, म्हणजे त्यांचे शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव, देणं भाग होतं, याबद्दल फारसा वाद नव्हता. वाद होता तारखेचा. ताबा २००० मध्येच आला, की २००१ मध्ये? भाव त्या तारखेवर ठरायचा होता, आणि २००० च्या तारखेने भागधारकांच्या पदरात बरंच जास्त पडलं असतं.

सेबी म्हणाली २००१. सेबीवरचं अपील न्यायाधिकरण सॅट म्हणालं २०००. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नाचे दोन भाग केले. कॉफ्लेक्सिपवर टेक्निपचा ताबा कधी आला, ही त्या कंपन्यांच्या स्थितीची बाब, म्हणून ती त्यांच्या घरच्या, म्हणजे फ्रेंच, कायद्याने पाहायची. त्या ताब्यामुळे सीमेकच्या भागधारकांप्रति जी जबाबदारी उभी राहते, ती मात्र भारतीय कायद्याची. सोबत एक राखीव दार ठेवलं: परदेशी कायदा लावून आपल्या सार्वजनिक धोरणाच्या थेट विरुद्ध काही घडत असेल, तर न्यायालय तो लावायला नकार देऊ शकतं. शेवटी तारीख २००१ चीच कायम झाली.

सीमेकच्या भागधारकांना तो कडू लागला असणार, तरी मला हा निकाल पटतो. एका व्यवहाराला सरसकट एकच कायदा चिकटवण्याचा मोह त्याने टाळला. अडचण एवढीच की वीस वर्षं उलटली, आणि आपण अजून त्या एका निकालावर भागवतो आहोत. तो ताब्याबद्दल बोलतो. संचालकाच्या कर्तव्याबद्दल, शेअरांच्या निरनिराळ्या वर्गांबद्दल, कंपनी बुडाल्यावर मालकाच्या खिशाला हात घालता येतो का याबद्दल, आम्ही त्यातून अंदाज बांधतो आणि अशिलाला लेखी मत देताना प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ घालतो.

आता आपला २०१३ चा कंपनी कायदा बघा. परदेशात नोंदलेल्या कंपन्यांसाठी त्यात बाविसावं प्रकरण आहे. ते जवळजवळ सगळं नोंदींचं आहे: भारतात व्यवसायाची जागा उघडल्यावर ३० दिवसांत कागद दाखल करा, हिशेब द्या, पाटीवर नाव आणि देश लिहा. हे केलं नाही तर कलम ३९३ प्रमाणे करार रद्द होत नाही, पण पूर्तता होईपर्यंत त्या कंपनीला दावा लावता येत नाही. व्याख्या मात्र ऐसपैस केली आहे. इलेक्ट्रॉनिक मार्गाने केलेला व्यवसायही त्यात येतो, मुख्य सर्व्हर भारतात असो वा नसो. दार एवढं रुंद, आणि आत आलेल्या कंपनीच्या भागधारकांचे आपसातले हक्क कोणत्या कायद्याने ठरतील, यावर अक्षर नाही.

त्याच प्रकरणात कलम ३७९(२) आहे. परदेशी कंपनीचं निम्मं किंवा अधिक भागभांडवल भारतीय नागरिकांकडे किंवा भारतीय कंपन्यांकडे असेल, तर भारतातल्या व्यवसायापुरत्या, विहित केलेल्या तरतुदी तिने भारतीय कंपनी असल्याप्रमाणे पाळायच्या. म्हणजे नोंदणीच्या घरात बसून आपण ‘कसतो कोण’ हे हळूच विचारतो आहोत. विचारायला माझी हरकत नाही, हळूच का, एवढंच म्हणणं आहे.

कलम ३७६ त्याहून गमतीचं. रशियन क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने तिथल्या खासगी बँका संपवल्या. लंडनच्या लझार्ड ब्रदर्सने मॉस्कोच्या अशाच एका बँकेविरुद्ध लंडनच्या न्यायालयात पैशांचा निकाल मिळवला आणि वसुलीला निघाली. १९३३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, सांगितलं, रशियन कायद्याने ती बँक आधीच नाहीशी झाली होती, मग जी अस्तित्वातच नाही तिच्याविरुद्ध निकाल कसला? ज्या कायद्याने जन्म, त्याच कायद्याने मृत्यू. आपलं कलम ३७६ म्हणतं, भारतात धंदा केलेली परदेशी कंपनी तिकडच्या कायद्याने विसर्जित झाली असली तरी इथे ती गुंडाळण्याची प्रक्रिया चालवता येईल. धनकोंच्या दृष्टीने हे योग्यच. पण मूळ नियमच लिहिलेला नसताना त्याचा अपवाद तेवढा कायद्यात, ही आपल्या मसुदा लिहिण्याची तऱ्हा.

इतर खाती आपापल्या सोयीने बघतात. आयकराला २०१५ च्या वित्त कायद्यापासून परिणामकारक व्यवस्थापनाची जागा पाहायची असते. आम्ही तिला ‘पोएम’ म्हणतो. त्याआधी परदेशी कंपनीचं नियंत्रण आणि व्यवस्थापन संपूर्णपणे भारतातून चाललं तरच ती इथली रहिवासी ठरायची, त्यामुळे एखादी बोर्ड मीटिंग बाहेर घेतली की निभावत असे. परदेशी गुंतवणुकीवरच्या सरकारच्या एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ ने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीत अंतिम लाभार्थी मालक कोण हे पाहायला सुरुवात केली. तेही नवं नाही. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्येच नोंदलेल्या एका टायर कंपनीचे जवळपास सगळे शेअर जर्मनांकडे होते. १९१६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तिच्या कागदी इंग्रजपणाआड डोकावून पाहिलंच. कर आणि देशाची सुरक्षा यांत कागदापलीकडे पाहावंच लागतं. माझी तक्रार निराळी आहे: या तपासण्या त्यांच्या कामापुरत्याच, त्यांच्यामुळे कंपनीचा घरचा कायदा बदलत नाही, असं कुठेही म्हटलेलं नाही. मग पोएम भारतात ठरलं की संस्थापक घाबरून विचारतात, आता डेलावेअरच्या कंपनीच्या संचालकांवरही आपल्या कंपनी कायद्यातली कलम १६६ ची संचालकांची कर्तव्यं येणार का? माझ्या मते नाही. पण दाखवायला कलम नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर बायजूजकडे पाहा. ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या बंगळुरूच्या या कंपनीच्या समूहाने १२० कोटी डॉलरचं कर्ज घेतलं ते बायजूज अल्फा या डेलावेअरच्या कंपनीमार्फत. कर्जाचा करार न्यूयॉर्कच्या कायद्याखाली. कराराच्या अटींवरून बिनसलं तेव्हा कर्जदात्यांनी अल्फाचा संचालक बदलून आपला माणूस बसवला. कंपनीचा खरा संचालक कोण, हे डेलावेअरच्या न्यायालयाने ठरवलं, आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्याच वर्षी जुलैत मूळ भारतीय कंपनी बंगळुरूच्या एनसीएलटीत, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात, दिवाळखोरी प्रक्रियेत गेली होती. एक समूह, तीन कायदे, आणि प्रत्येक कायदा आपल्या जागी बरोबर. हे इथल्या शिक्षकांना, विक्रीच्या पोरांना, पालकांना कोणी आधी समजावलं असेल का?

ईसॉपवाल्यांची गत मला रोज दिसते. बाणेरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरला कागद मिळतो डेलावेअरच्या कंपनीच्या शेअरांच्या पर्यायाचा. पीएफ इथला, ग्रॅच्युइटी इथली, पगारावरचा टीडीएस इथला, पण ज्याच्या आशेवर त्याने कमी पगार घेतला तो कागद दुसऱ्या देशाचा. पुढे कंपनी विकली गेली, गुंतवणूकदारांच्या प्रेफरन्स शेअरांनी आधी आपला वाटा उचलला आणि याच्या हाती काही उरलं नाही, तर तो अन्यायाविरुद्ध कलम २४१ खाली मुंबईच्या एनसीएलटीत जाऊ शकतो का? नाही. त्या कलमातली ‘कंपनी’ म्हणजे आपल्या कायद्याखाली नोंदलेली कंपनी. त्याने जायचं ते डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनच्या चॅन्सरी कोर्टात, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या न्यायालयात, डॉलरमध्ये फी मोजून. डेलावेअरचा कायदा वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिथले न्यायाधीश कंपन्यांचे वाद पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आले आहेत, आणि २०२४ च्या जानेवारीत त्यांनी टेस्लाच्या प्रमुखाचं अवाढव्य वेतन एका छोट्या भागधारकाच्या दाव्यावर रद्द केलं होतं. त्यावर टेस्लाने काय केलं? त्याच वर्षी भागधारकांचं मतदान घेऊन नोंदणी टेक्ससला नेली. कारखाने होते तिथेच राहिले, कायदा बदलला.

तर मग नोंदणीचं मत सोडून द्यावं का? युरोपचा अनुभव पाहिला तर मी तसं म्हणणार नाही. एका डॅनिश जोडप्याने १९९२ मध्ये सेंट्रोस नावाची कंपनी इंग्लंडमध्ये काढली, कारण डेन्मार्कमध्ये त्यासाठी २ लाख क्रोनर भांडवल लागायचं आणि इंग्लंडमध्ये जवळपास काहीच नाही. इंग्लंडमध्ये त्या कंपनीने कधी धंदा केला नाही. डॅनिश अधिकाऱ्यांनी शाखा नोंदवायला नकार दिला, ते साहजिकच होतं. पण ९ मार्च १९९९ ला युरोपीय न्यायालयाने तो नकार बेकायदा ठरवला. पुढे २००२ मध्ये जर्मनीलाही सांगितलं गेलं की दुसऱ्या सदस्य देशात नोंदलेली कंपनी केवळ कारभार इकडे हलला म्हणून अस्तित्वहीन मानता येणार नाही. हजारो जर्मन छोट्या व्यावसायिकांनी इंग्रजी लिमिटेड कंपन्या काढल्या. शेवटी २००८ मध्ये जर्मनीने स्वतःच १ युरो भांडवलाचा नवा कंपनीप्रकार आणला.

आणि मग ब्रेक्झिट झालं. संक्रमणकाळ २०२० च्या अखेरीस संपला आणि जर्मनीतून चालणाऱ्या त्या ब्रिटिश लिमिटेड कंपन्यांवरचं युरोपीय छत्र गेलं. जर्मनीचा जुना नियम पुन्हा पुढे आला. म्युनिकच्या उच्च प्रादेशिक न्यायालयाने २०२१ मध्ये अशा कंपनीला कंपनी म्हणून मानायला नकार दिला. ती आता भागीदारी किंवा एकट्याचा धंदा, आणि कर्जाला मालक जातीने जबाबदार. काल मर्यादित असलेली जबाबदारी आज अमर्याद, आणि त्या माणसाने मध्ये काहीच केलेलं नाही. कारभाराच्या जागेचा नियम एरवी कितीही न्याय्य वाटो, तो न सांगता लागू झाला की असा लागतो.

घरचं उदाहरण जेट एअरवेजचं. मुंबईची कंपनी, तिचं एक विमान अॅमस्टरडॅमला अडकलं, आणि मे २०१९ मध्ये डच न्यायालयाने तिला दिवाळखोर घोषित केलं. जूनमध्ये मुंबईच्या एनसीएलटीने डच कार्यवाही मुळातच निरर्थक म्हणून बाजूला सारली. सप्टेंबरमध्ये एनसीएलएटीने, म्हणजे वरच्या अपील न्यायाधिकरणाने, मध्यस्थी करून दोन्हीकडच्या प्रशासकांना एका लेखी व्यवस्थेखाली आणलं आणि कंपनीच्या हितसंबंधांचं मुख्य केंद्र भारत, हे गृहीत धरलं. न्यायाधीशांच्या समंजसपणावर ते निभावलं.

परतीच्या वाटेवरही हीच उणीव आहे. बरेच स्टार्टअप आता शेअर बाजारात उतरायला मायदेशी येत आहेत. फोनपेने २०२२ मध्ये सिंगापूरहून मुक्काम भारतात हलवला, तेव्हा गुंतवणूकदारांना सुमारे ८,००० कोटी रुपये कर भरावा लागल्याचं संस्थापकांनीच जाहीरपणे सांगितलं. कर तुमच्या मंत्रालयाच्या हाती नाही, हे मान्य. सप्टेंबर २०२४ मध्ये तुम्ही नियम २५अ बदलून परदेशी होल्डिंग कंपनीला तिच्या पूर्ण मालकीच्या भारतीय उपकंपनीत विलीन व्हायची जलद वाट दिलीत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांच्या वतीने आभार. तरी ते विलीनीकरणच. जुनी कंपनी संपते, तिचे करार, परवाने, दावे नव्या नावाने फिरवावे लागतात. सिंगापूरने २०१७ पासून परदेशी कंपनीला तीच कायदेशीर व्यक्ती राहून आपल्या कायद्याखाली येऊ दिलं आहे. आपल्याकडे तसं काहीच नाही. कलम २३४ तर इतकं आखूड आहे की सन फार्माच्या बाबतीत अहमदाबादच्या एनसीएलटीने परदेशातून येणारं डिमर्जर, म्हणजे कंपनीचं विभाजन, मान्य केलं आणि २०१९ मध्ये परदेशात जाणारं नाकारलं, कारण कलमात विलीनीकरण आहे, विभाजन नाही.

काय लिहावं, यासाठी फार शोधावं लागणार नाही. स्वित्झर्लंडचा १९८७ चा खासगी आंतरराष्ट्रीय कायदा उघडा. कलम १५४: कंपनी ज्या देशाच्या कायद्याप्रमाणे स्थापली, तो कायदा तिचा. कलम १५५ त्या कायद्याच्या कक्षेत काय येतं याची यादीच देतं: स्थापना, विसर्जन, नाव, अंतर्गत रचना, भागधारकांचे संबंध, कर्जाची जबाबदारी, कंपनीच्या वतीने सही कोणी करायची. कलम १५९ मला सर्वात आवडतं: परदेशी कायद्याखालची कंपनी स्वित्झर्लंडमधून चालवली जात असेल, तर तिच्या वतीने वागणाऱ्यांची जबाबदारी स्विस कायद्याने. आणि १६१ पासून पुढे, विसर्जन न करता कंपनीने कायदा कसा बदलायचा ते. नियम, कक्षा, अपवाद आणि स्थलांतर, सगळं मोजक्या कलमांत. आपली चौकट याच क्रमाने बसेल: नोंदणीच्या देशाचा कायदा अंतर्गत कारभाराला, भारतातून चालणाऱ्या कंपनीच्या कर्त्या माणसांची धनको आणि कर्मचाऱ्यांप्रति जबाबदारी आपल्या कायद्याने, टेक्निपमधला सार्वजनिक धोरणाचा अपवाद कलमात, आणि कर, फेमा (परकीय चलनाचा कायदा), प्रेस नोट यांच्या कसोट्या त्यांच्या कामापुरत्याच, असं एक वाक्य. कलम ३७९(२) खाली नेमकं काय पाळायचं, हेही त्याच वेळी उलगडून लिहावं.

आणखी एक छोटी मागणी, तिला संसदेतून जायचीही गरज नसावी. परदेशी होल्डिंग कंपनीचा ईसॉप भारतातल्या कर्मचाऱ्याला देताना इथल्या उपकंपनीने एका पानाची सूचना द्यावी: हे शेअर कोणत्या देशातल्या कंपनीचे, वाद झाल्यास कायदा कुठला, न्यायालय कुठलं, आणि विक्रीच्या वेळी तुमच्या आधी कोणाचे पैसे निघतात. कर्मचाऱ्याला कळेल अशा भाषेत. पुण्यात ती मराठीतही असावी. फायलिंगला एक फॉर्म वाढेल. आमच्यापैकी काही जण कुरकुरतील, मी नाही.

मसुदा निघाला तर हरकती-सूचनांना पुरेसा वेळ द्या, आणि कृपा करून तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढू नका. एजीएम (भागधारकांची वार्षिक सभा) आणि वार्षिक फायलिंगच्या त्या दिवसांत देशातला एकही कंपनी सेक्रेटरी तो वाचणार नाही.

कळावे,
आपली विश्वासू,
पुण्यातील एक कंपनी सेक्रेटरी